‘आउटलाइन’, ‘पार्स’, ‘चंक’ : मराठीत काय म्हणाल?

आर या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायच्या पद्धतीत) कसा घालायचा, याचं टिपण सहकाऱ्यांसाठी मराठीत लिहितोय. परवा एडिटरच्या बाजूच्या आउटलाइनमध्ये (मथळ्यांच्या यादीत) ‘पद्धत’ आणि ‘निष्कर्ष’ यांच्या मधोमध ‘रिकाम्या ओळी काढल्या’ असा मथळा येऊन बसला. तो मथळा नव्हेच, कोडमधला माझा शेरा! आरमध्ये # ने शेरा सुरू होतो, मार्कडाउनमध्ये मथळा. नमुना म्हणून दाखवलेला तीन बॅकटिकांचा (` या खुणेचा) चंक, म्हणजे मजकुरात घातलेला कोडचा भाग, मी चार बॅकटिकांच्या कुंपणात, म्हणजे वर-खाली तशा ओळी देऊन, ठेवला होता. ही तक्रार लिहायला बसलो तर आउटलाइन, चंक आणि पार्स (मजकुराची रचना ओळखत वाचणं) या तिन्ही शब्दांपाशी अडलो. मराठी शब्द सुचवा, म्हटलं; आलेली उत्तरं खाली.

पार्सला शब्द शाळेतच आहे
‘व्याकरण चालवणे’! जुन्या पुस्तकांत ‘पदपरिस्फोट’ही सापडेल, पण तो उच्चारेपर्यंत फाइल उघडून बंद होईल. ‘विश्लेषण’ नको, ते आकडेवारीवाल्यांनी आधीच नेलंय. ‘तो मुलगा चांगला आहे’ यात चांगला हे विशेषण, ‘तो चांगला गातो’ यात क्रियाविशेषण. शब्द तोच, जात मात्र वाक्यातल्या कामावरून ठरते. तुमच्या # चंही तेच. एडिटरने व्याकरण न चालवता नुसतं तोंड बघून जात ठरवली.

कुंपणाबद्दल
कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नियमावलीनुसार कुंपण बंद करणाऱ्या ओळीत उघडणाऱ्या ओळीइतके तरी बॅकटिक लागतात. म्हणजे चाराचं कुंपण तिनाने बंद होत नाही. तुमचा एडिटर बहुधा न मोजता दिसेल त्या ओळीला ‘उघड, मीट, उघड, मीट’ करतोय. आतल्या तिनाला त्याने बाहेरचं दार मिटलं, आणि शेरा उघड्यावर पडला. दुहेरी अवतरणातलं एकेरी अवतरण वाचताना आपण असं करतो का?

चंक
संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी 1984 साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ (कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकत्र लिहिणं) मांडलं; चंक ही संज्ञा त्याच परंपरेतल्या नोवेब या साधनामध्ये रुळली. मला ‘कोडखंड’ चालेल. ‘तुकडा’ म्हटलं की काहीतरी तुटल्यासारखं वाटतं.

ढेप म्हणा
मुंग्या लागतील म्हणता? बग लागलेच आहेत.

आउटलाइनला ‘रूपरेषा’ नको
रूपरेषा लिहिण्याआधी आखतात. ही लिहिलेल्यातून आपोआप निघते. ‘अनुक्रमणिका’ कामाने जवळची, पण ती पुस्तकात एका जागी बसते. ही शेजारी सतत उभी. ‘मथळेपट्टी’ कशी वाटते?

धागाकर्ता
मथळेपट्टी आणि कोडखंड घेतले. ‘व्याकरण चालवणे’ तर लगेच वापरलंसुद्धा: “कोडखंडाचं व्याकरण नीट न चालवल्यामुळे मथळेपट्टीत शेरे दिसतात.” शेजारच्या टेबलावरच्या बाईंना पहिल्या वाचनात कळलं. बॅकटिकला मात्र बॅकटिकच राहू दिलंय. ‘उलटी टिचकी’ सुचवणाऱ्यांनी खाली लिहावं.