मदत हवी आहे: नेहमीच्या अपडेटनंतर सर्व्हर उठलाच नाही. अशा वेळी दुरून आत कसं शिरायचं?

नमस्कार मंडळी,

एका तालुक्याच्या दूध संघाचा सर्व्हर मी पुण्यातून सांभाळतो. साधं टॉवर मशीन, उबंटू २२.०४ (लिनक्स), त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सकाळ-संध्याकाळ त्यात येतात आणि दर दहा दिवसांनी त्यावरूनच उत्पादकांची बिलं निघतात. त्यामुळे देखभालीला मिळते ती फक्त दुपार.

गेल्या रविवारी १२ वाजता साठलेले अपडेट घेतले. कर्नल (सिस्टमचा गाभा) नवं आलं म्हणून रीबूट दिलं. वीस मिनिटं झाली तरी पिंगला (मशीन चालू आहे का बघायला नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला) उत्तर नाही. मी ज्यातून आत जातो तो वायरगार्ड व्हीपीएन (दुरून जोडणीचा सुरक्षित मार्ग) त्याच मशीनवर, म्हणजे माझी वाटही बंद. शिपाईकाका सुट्टी असूनही घरून आले, स्क्रीनचा फोटो पाठवला: इमर्जन्सी मोड, म्हणजे बूट मध्येच थांबून फक्त दुरुस्तीपुरती स्क्रीन. गाडी काढली, पोचायला साडेचार झाले. मला वाटलं नव्या कर्नलचाच घोळ, म्हणून ग्रबमधून (सुरुवातीच्या बूट मेनूतून) जुनं कर्नल लावून पाहिलं. तेच. त्यात तासभर गेला आणि तिकडे संध्याकाळचं संकलन सुरू झालं. केंद्रांवर वहीत नोंदी घेतल्या, पण लोकांना पावती न घेता परत जावं लागलं. हे मला फार लागलं. पावती हाच त्यांचा पुरावा असतो.

शेवटी बूटचा लॉग नीट वाचला. बॅकअपची जुनी यूएसबी डिस्क मार्चमध्ये काढली होती, एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) तिची ओळ तशीच राहिली होती. बूट चालवणारा सिस्टमडी त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघायचा आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जायचा. मार्चनंतर मशीन एकदाही रीबूट झालं नव्हतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. ओळ काढली, सर्व्हर आला.

आता विचारायचं ते असं: मशीन बूटच होत नसेल तर पुण्यातून त्याच्या स्क्रीनपर्यंत कसं पोचायचं? संघाचं बजेट बेताचं आहे. आणि असा लपलेला दोष अपडेटच्या आधी कसा पकडता?

प्रतिसाद १
व्हीपीएन आधी राउटरवर हलवा. मग रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायकेव्हीएम (दुसऱ्या मशीनचा स्क्रीन-कीबोर्ड दुरून वापरू देणारं साधन) बसवा. त्यातून बायोस (मशीन सुरू होतानाची सेटिंग) आणि ग्रबसुद्धा ब्राउझरमध्ये दिसतं. जमल्यास त्याला वेगळं ४जी डोंगल द्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेही नेहमीच्या देखभालीतल्या एका कमांडमुळे. दुरुस्तीसाठी आत जायची साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती, म्हणून त्यांच्या इंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. तुमचं दुखणं तेच आहे.

प्रतिसाद २
अपडेट घेण्याच्या आधी एक रीबूट करत जा. तेव्हाच अडकलं तर दोष जुना, अपडेटचा नाही, आणि तुमचा कर्नलवरचा तास वाचतो. 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' (एफएसटॅब तपासणारी कमांड) चालवलं असतं तर न सापडणारी डिस्क तिथेच दिसली असती. बाहेरच्या डिस्कच्या ओळीला 'नोफेल' लावा, म्हणजे ती नसली तरी बूट अडणार नाही.
पण मला वेगळीच काळजी वाटते. जुनी डिस्क मार्चमध्ये काढली, मग सध्या बॅकअप कुठे जातोय? आधी ते बघा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बघितलं, आणि धस्स झालं. नवी डिस्क मी मार्चमध्ये हाताने माउंट केली (सिस्टमला जोडली) होती, एफएसटॅबमध्ये तिची नोंद केलीच नव्हती. रविवारच्या रीबूटनंतर ती जोडली गेली नाही आणि तीन रात्रींचे डम्प (डेटाबेसच्या बॅकअप फाइल) त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य डिस्कवरच पडलेत. स्क्रिप्टने एकही चूक दाखवली नाही. आता नोंद 'नोफेल'सह केली आहे, डम्प नव्या डिस्कवर हलवलेत. डिस्क माउंट नसेल तर स्क्रिप्टने थांबून मला मेसेज पाठवावा, यासाठी 'माउंटपॉइंट' कमांडची तपासणी पुरेशी आहे का?

प्रतिसाद २
पुरेशी आहे, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत घाला. आणि हलवलेल्या डम्पांपैकी एक आज रात्री दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, बिलाची तारीख यायच्या आत.