हॉलमध्ये आवाज घुमतो: ग्लासवूलच्या सीलिंग टाइल्सचा उपयोग होईल का?

नौपाडा_काका

नमस्कार मंडळी. वय ६९, बँकेतून निवृत्त. गेली चार वर्षं ठाण्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव आहे, म्हणजे वीजबिल भरण्यापासून चहाचे कप मोजण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

संघाचा हॉल पहिल्या मजल्यावर. ४० फूट बाय २५, उंची ११ फूट. दोन वर्षांपूर्वी देणगी आली तेव्हा हौसेने काम करून घेतलं: खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, एका बाजूला सलग काचेच्या स्लायडिंग खिडक्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वर उघडा स्लॅब. दिसायला झकास, पण तोंड उघडलं की विहिरीत बोलल्यासारखं. मागच्या महिन्यात मधुमेहावर व्याख्यान ठेवलं. डॉक्टरीणबाई "पथ्य पाळा" म्हणाल्या, तिसऱ्या रांगेत "तथ्य पाळा" पोचलं आणि शेवटच्या रांगेत "काय म्हणाल्या हो?" एवढंच व्याख्यान चालू होतं. खजिनदारांनी उपाय म्हणून मोठे स्पीकर आणले. आता जे कळत नव्हतं तेच मोठ्याने कळत नाही.

एक चमत्कारिक गोष्ट. संक्रांतीच्या तिळगुळाला हॉल भरला होता तेव्हा एवढा त्रास नव्हता. कार्यकारिणीच्या बैठकीला आम्ही अकराच जण असतो, तेव्हा सगळ्यात वाईट. (त्याला दुसरीही कारणं आहेत.)

तीन कोटेशनं आली आहेत. एक पीव्हीसी पॅनलचं, एक पीओपीचं आणि एक "साउंडप्रूफ ग्लासवूल टाइल"चं. हे शेवटचं पीव्हीसीच्या दुपटीहून महाग. खजिनदारांना वाटतं की त्याने आमच्या वरच्या मजल्यावरचा झुंबाचा धबधबाही थांबेल. पैसे लोकांचे आहेत, म्हणून विचारतो.

तुर्भेवाला

काका, मी २१ वर्षं फॉल्स सीलिंगची कामं करतो, बहुतेक महापे-ऐरोलीकडची ऑफिसं. ग्लासवूलच्या टाइलला "साउंडप्रूफ" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. टाइल चांगली आहे, शब्द खोटा आहे.

आवाज पिणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. ग्लासवूल म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि मध्ये हवाच हवा. आवाज आत शिरतो, तंतूंमध्ये घासत फिरतो आणि तिथेच त्याची किंचितशी उष्णता होऊन संपतो. म्हणून तो परत खोलीत येत नाही. पण आवाज अडवायला वजन लागतं, आणि दोन बाय दोनच्या त्या टाइलचं वजन किलोभरही नसतं. झुंबाचं तर विचारूच नका. उड्या थेट स्लॅबवर पडतात, स्लॅब हलतो, त्याच्यासोबत तुमच्या भिंती हलतात. त्याचा इलाज वर, त्यांच्या फरशीवर जाड रबर घालून. तुमच्या खर्चाने नव्हे.

घुमण्याला मात्र हाच इलाज. टाइलच्या कागदावर एनआरसी नावाचा आकडा असतो. २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणी टाइल किती आवाज पिते त्याची सरासरी, शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे जवळपास सगळा. चांगली ग्लासवूल टाइल ०.९ च्या आसपास असते, साधी मिनरल फायबर ०.५ ते ०.७. साधं पीओपी-जिप्सम नावालाच, आणि पीव्हीसी म्हणजे खालची फरशी वरही लावल्यासारखं. तो आकडा टाइलच्या मागे किती पोकळी ठेवून काढलाय तेही विचारा. स्लॅबखाली आठ इंच जागा सोडून मोजलेली टाइल कोणी स्लॅबलाच चिकटवली, तर खालच्या पट्टीचा, भरदार आवाज तेवढा पिणार नाही.

पंखे आहेत का? आधी ते सांगा.

नौपाडा_काका

सहा पंखे, स्लॅबमधल्या हुकांना. पंख्यांचा इथे काय संबंध?

तुर्भेवाला

सगळा संबंध पंख्यांचाच. ऑफिसात एसी असतो, ग्रिड, म्हणजे टाइल ठेवायचा पत्र्याचा सांगाडा, मारला की काम संपलं. तुमच्याकडे सीलिंग खाली आलं की पंख्याचा दांडा लांब करावा लागणार. पंखा लटकणार स्लॅबच्या हुकालाच, ग्रिडला नाही. ग्रिडचा टी-सेक्शन पत्र्याचा असतो, तो टाइलचं वजन पेलतो, गरगर फिरणाऱ्या मोटरचं नाही. दांडा टाइलमधून खाली येतो तिथे भोक बोटभर मोठं ठेवायचं. दांडा टाइलला लागला तर ती थरथरते आणि चार महिन्यांत भोकाच्या कडेने पांढरा भुगा खाली पडायला लागतो. एका शाळेत मी स्वतः ही चूक केली आहे. मुलं म्हणायची बर्फ पडतोय.

दुसरं, खिडक्या उघड्या ठेवता ना? पावसाळी वाऱ्यात हलकी टाइल ग्रिडमधून उचलली जाते. खिडकीकडच्या दोन ओळींना वरून क्लिप लावून घ्या.

ऐकू_येतंय

काका, मी श्रवणतज्ज्ञ आहे, वाशीत. तुमचं "पथ्य-तथ्य" वाचून हसले, कारण माझ्याकडे रोज हेच येतं. "मशीन बदलून द्या, यातून नीट ऐकू येत नाही." घरी ऐकू येतं का विचारलं तर येतं. हॉलमध्ये, लग्नात येत नाही.

स्वर मोठे आणि लांब असतात. प, त, ट, क ही व्यंजनं म्हणजे क्षणभराची टिचकी. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या "आ"चं शेपूट संपलेलं नसतं आणि पुढचा "प" त्याच्याखाली झाकला जातो. तरुण मेंदू अंदाजाने भरून काढतो. वय झालं की उंच पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं, म्हणजे नेमकी व्यंजनंच निसटतात. श्रवणयंत्राला बोलणं आणि त्याचं घुमणं पुरतं वेगळं करता येत नाही, ते दोन्ही मोठं करतं. तुमच्या खजिनदारांच्या स्पीकरसारखंच.

टाइल्स बसेपर्यंत फुकटचा उपाय: वक्त्याला खिडक्यांकडे पाठ करून उभं करू नका, चेहरा अंधारात जातो. ओठ दिसले की निम्मं ऐकू येतं, हे आमचे सगळे पेशंट न शिकवता करतात.

कळव्याचा_पाहुणा

एवढा खर्च कशाला? अंड्याचे ट्रे चिकटवा, नाहीतर तो करड्या फोमचा सुळे-सुळेवाला शीट मिळतो ऑनलाइन. आणि काचेचे तंतू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच भाऊ ना? म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर?

तुर्भेवाला

भाऊ, ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा, आवाजाला तो फारसा धरत नाही. तो करडा शीट म्हणजे साधा पीयू फोम, पितो चांगला, पण पेटला की काळा विषारी धूर. पहिला मजला, जिना बहुधा एकच, आणि माणसं सत्तरीची. मी तरी लावणार नाही. काच पेटत नाही. तरी कोटेशनवाल्याकडून आगीच्या चाचणीचा कागद मागून फाइलला लावा.

अ‍ॅस्बेस्टॉसशी नातं नाही. ते खनिज, त्याचे तंतू उभे चिरत बारीक होत जातात आणि फुप्फुसात वर्षानुवर्षं राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००१ साली इन्सुलेशनची ग्लासवूल तिसऱ्या गटात टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर करते असं ठरवण्याएवढा पुरावा नाही. अ‍ॅस्बेस्टॉस पहिल्या गटात आहे. खाज मात्र खरी. कापताना मनगट आणि मान अशी खाजते की रात्री झोप नाही. पोरांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत. टाइलच्या तोंडाला कारखान्यातच पडद्यासारखा थर असतो, त्यामुळे वर बसल्यावर काही पडत नाही.

आणि काका, आजच लिहून ठेवा: या टाइल्सना कधीही रंग मारू द्यायचा नाही. दिवाळीला पेंटर येतो, "वरही एक हात मारतो" म्हणतो, आणि छिद्रं बुजली की तुमचे पैसे बुजले.

आर्कि_शेवटचं_वर्ष

काका, संक्रांतीचं कोडं सोपं आहे. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. शाली-स्वेटर असतील तर आणखी.

हिशेबही घरच्या घरी होतो. हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो किती आवाज पितो, त्यांची बेरीज). उत्तर येतं ते घुमणं विरायला लागणारे सेकंद. तुमचा हॉल साधारण ३११ घनमीटर, म्हणजे भागाकाराच्या वरचा आकडा ५०. फुगा फोडून बघा किती सेकंद ऐकू येतो. समजा ३ सेकंद, तर आत्ताचं शोषण १७ चौरस मीटर. सीलिंग ९३ चौरस मीटरचं, पंखे-दिवे सोडून ७५ धरा, ०.९ ने ६७. बेरीज ८४. ५० भागिले ८४, म्हणजे ०.६ सेकंद. भाषणाच्या खोलीला छान. खरा हॉल गणिताएवढा शहाणा नसतो, समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आवाज टप्पे खातो, म्हणून थोडे पॅनल मागच्या भिंतीलाही लावा.

हे सूत्र ज्यांचं, ते वॉलेस सॅबाइन हार्वर्डमध्ये तरुण प्राध्यापक होते. १८९५ साली त्यांना एक नवं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं, तिथे बोललेलं कळत नव्हतं. ते रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, मोजायचे आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचे. तुम्हीही आधी गाद्यांवर करून बघा ना!

नौपाडा_काका

केलं. मंडपवाल्याकडून २४ गाद्या एका दुपारपुरत्या उसन्या आणल्या. त्याने तीनदा विचारलं, कार्य कोणाकडे आहे?

आधी मोकळ्या हॉलमध्ये फुगे. मी फोडणार, आमचे माजी रेल्वेवाले सभासद स्टॉपवॉच धरणार, आणि ज्यांचे कान शाबूत आहेत अशा एक काकू "गेला" म्हणणार. पाच फुगे, दर वेळी तीनच्या जरा मागेपुढे. मग गाद्या तिन्ही भिंतींना टेकवून उभ्या केल्या आणि पुन्हा पाच फुगे. सेकंदाच्या थोडं वर. कागदावर मांडून बघितलं, २४ गाद्या म्हणजे साधारण निम्म्या सीलिंगएवढं काम.

पण फुग्यांनी कोणी हलत नाही. मग मी शेवटच्या रांगेत बसलो आणि अध्यक्षांना पाठमोरं उभं राहून, माइक न घेता, पासबुकातले आकडे वाचायला सांगितलं. सतरा हजार चारशे बावन्न. सगळ्यांनी बरोबर सांगितलं. ज्यांनी मागच्या वर्षी श्रवणयंत्र काढून टेबलाच्या खणात टाकलं होतं ते आमचे एक सभासद म्हणाले, "अरे, हा हॉल एवढा लहान होता?" खजिनदार काही बोलले नाहीत. स्पीकरची वॉरंटी बघत होते.

झुंबा अर्थातच तसाच ऐकू आला, किंबहुना जास्त स्पष्ट. वरच्या ताईंना रबर मॅटबद्दल मी जिन्यात विचारलंय. त्यांनी मलाच बॅचला यायचं आमंत्रण दिलं.

बैठकीत ठरलं ते असं: पीव्हीसी आणि पीओपी बाद. सीलिंगला ग्लासवूल, मागच्या भिंतीला देणगीतून उरलं तर. "रंग मारू नये" अशी पाटी मी आत्ताच करायला टाकली आहे.

तुर्भेवाले दादा, पंख्यांच्या हुकांमधलं अंतर मोजून ठेवलंय, ८ फूट. एक हुक तिरका आहे, तो तुम्ही स्वतःच बघावा. सोमवारी जमेल का? चहा पाजून परत पाठवणार नाही.