शब्दचर्चा : इंजिनाच्या तेलाचा दाब ‘उतरतो’ की ‘पडतो’?

देवळीहून (जि. वर्धा)

माझा भाचा अमेरिकेत राहतो. त्यानं तिथं जुनी दोन सिटांची माझदा एमएक्स-5 घेतली, 1992 ची. परवा त्यानं डॅशबोर्डचा व्हिडिओ पाठवला. सकाळी गार इंजिन सुरू केलं तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा 60 वर. अर्धा तास फिरून आल्यावर सिग्नलला उभा, तर काटा 25 वर. खाली लिहिलं होतं, ‘मामा, प्रेशर पडून राहिलं का? हे नॉर्मल आहे का?’

तीस वर्षं ट्रॅक्टरची आणि जीपची इंजिनं खोलतो आहे, त्यामुळे उत्तर माहीत होतं. लिहिताना मात्र शब्दाशी अडलो. शेवटी एवढंच पाठवलं, ‘पडलं नाही, उतरलं.’ त्यानं लगेच विचारलं, दोन्हींत फरक काय?

मला दिसतो तो फरक असा. ताप उतरतो, पूर उतरतो, राग उतरतो. भिंत पडते, झाड पडतं, दात पडतो. उतरणारं आपल्या वाटेनं खाली येतं. पडणाऱ्याचा आधार सुटलेला असतो. गार ऑइल घट्ट असतं, बेरिंगच्या बारीक फटीतून सहज निघत नाही, म्हणून काटा वर राहतो. तापलं की पातळ होतं, झरझर निघून जातं आणि काटा उतरतो. रेस दिली की परत चढतो. हे इंजिनाचं रोजचं चढणं-उतरणं झालं. रेस देऊनही काटा जागचा हलत नसेल, किंवा चालता चालता एकदम खाली आला, तर तो पडला म्हणायचं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्याकडे हा फरक असाच पाळतात का? आणि या ‘नॉर्मल’ला मराठीत काय म्हणावं?

परतवाड्याहून

फरक खरा आहे. आमच्या बाजारातला दाखला देतो. दिवाळीच्या सुमारास नवा कापूस येतो आणि आवक वाढते, तेव्हा माणसं ‘भाव उतरले’ म्हणतात. तेच एका आठवड्यात कंबर मोडली की ‘भाव पडले’. पहिल्या वाक्यात हंगाम आहे, दुसऱ्यात घात आहे. चाळीस वर्षं मराठी शिकवली, पण इंजिनाच्या काट्यासाठी हे क्रियापद इतकं चपखल बसेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

‘नॉर्मल’बद्दल म्हणाल तर ‘सामान्य दाब’ मला पटत नाही. सामान्य म्हटलं की सामान्य माणूस आठवतो, म्हणजे ज्यात विशेष काही नाही असं. ‘प्रसामान्य’ हा संख्याशास्त्राच्या पुस्तकातला शब्द, तो गॅरेजात चालणार नाही. ‘बेताचा’ म्हणावं तर त्यात अपुरेपणाची छटा येते. घरची परिस्थिती बेताची म्हणजे ओढाताणीची. माझं मत ‘नेहमीचा’ या शब्दाला. तो साधा आहे आणि त्यात त्या-त्या इंजिनाची सवयही येते.

वरूडहून

माझा संत्र्याचा बगीचा आहे, इंजिनातलं काही कळत नाही. पण आमच्याकडे दाब म्हणतच नाहीत. ‘पाण्याले जोर नाई’ असंच म्हणतात. ड्रिपच्या हेडवर मीटर बसवले तेव्हापासून ‘एक किलो दाखवते, दीड किलो दाखवते’ हे सुरू झालं. ऑइललाही जोरच का म्हणू नये?

चंद्रपूरहून

भाऊ, जोर आणि दाब वेगळे ठेवले पाहिजेत, आणि ते का हे तुमच्याच बगीच्यात दिसेल. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरा. धार लांब जाते, आपण म्हणतो जोर वाढला. पण बादली भरायला आता जास्त वेळ लागतो. अंगठ्यानं पाणी अडवलं म्हणून दाब वाढला आणि पाणी मात्र कमी यायला लागलं.

इंजिनात हेच होतं. ऑइलपंप दाब ‘तयार’ करत नाही. तो क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. पुढच्या नळ्यांत आणि बेरिंगांत ते जितकं अडतं तितका दाब. म्हणून ‘काटा वर म्हणजे इंजिनाला ऑइल भरपूर’ ही समजूत चुकीची आहे. पुढची वाट बुजली तरी काटा वरच जाईल. तुमच्या सँड फिल्टरचे दोन मीटर पाहा. फिल्टर चोंदला की अलीकडचा काटा चढतो आणि पलीकडचा उतरतो. रोपाला पाणी मिळतं ते पलीकडच्या काट्याइतकंच.

गार इंजिनात दाब फार वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की जादा ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या ऑइल साठणाऱ्या भांड्यात जातं. त्यामुळे गार असताना रेस दिली तरी काटा एका जागी जाऊन थांबतो.

आकड्याचा जुना अदमास असा : इंजिन तापल्यावर मिनिटाच्या दर 1000 फेऱ्यांमागे निदान 10 पौंड. म्हणजे 3000 फेऱ्यांवर 30 च्या खाली नको. हे पौंड म्हणजे टायरवाला ‘तीस पौंड हवा’ म्हणतो तेच. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पौंड, आणि ड्रिपचा एक किलो त्याहून थोडा कमी. भाच्याचे 25 उभ्या गाडीला, तापल्या इंजिनात आहेत. ते अगदी नेहमीचे.

भाच्याला आणखी एक सांगा, गाडी 1992 ची आहे हे बरं झालं. त्या गाडीत 1995 पासून जो मीटर आला त्याला काटा आहे, पण तो दाब मोजत नाही. थोडा दाब आला की काटा मधोमध जाऊन उभा राहतो आणि दाब गेला की खाली बसतो. चढ-उतार त्यात दिसतच नाही. अशा मीटरला मराठीत काय म्हणाल?

परतवाड्याहून

ताई, ‘खोटा काटा’ म्हणता येईल, पण जरा जपून. आमच्या बाजारात काटा म्हणजे वजनाचा काटा. ‘काटा झाला का?’ म्हणजे गाडीचं वजन झालं का. तिथं ‘काटा खोटा’ हा थेट आरोप होतो, त्यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. या मीटरला मी ‘मुका काटा’ म्हणेन. तो खोटं बोलत नाही, बोलतच नाही.

देवळीहून

‘मुका काटा’ मी घेतला, सर. ‘नेहमीचा’ही घेतला. ताई, तुमचं ‘अडतं तितका दाब’ हे वाक्य मी गॅरेजातल्या पोरांना पाठ करायला लावणार आहे.

‘पडणं’ म्हणजे काय त्याचं एक उदाहरण. मागल्या उन्हाळ्यात एक ट्रॅक्टर आला. मालक म्हणाला, लाल दिवा लुकलुकते, रेस दिली की विझते, म्हणून दोन महिने चालवला. बहुतेक इंजिनांत हा दिवा 5-7 पौंडांच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे तो लुकलुकू लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. चेंबर उतरवली. पंपाची जाळी अर्धी बुजली होती, आधी कोणी गास्केटला पेस्ट थापली होती तिचे रबरासारखे तुकडे त्यात अडकलेले. बेरिंगची शेल काढून हातात घेतली तर वरचा करडा थर गेलेला, खालचा तांब्याचा रंग नखाएवढा उघडा पडलेला. झिजलेल्या बेरिंगची फट मोठी होते, ऑइल न अडता निघून जातं, आणि काटा पडतो. त्या कास्तकाराला दोष देत नाही. त्याला ‘दिवा लागला तर थांबा’ एवढंच सांगितलं होतं, लुकलुकण्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं.

स्पोर्ट्स कारला आणखी एक पडणं असतं, ते ट्रॅक्टरात दिसत नाही. लांब वळण जोरात घेतलं की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जाऊन चढतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. वळणात काटा पडला आणि सरळ रस्त्यावर परत आला, तर ‘आला ना परत’ म्हणून सोडून द्यायचं नाही. तेवढ्या दोन सेकंदांत बेरिंग कोरडी घासली जाते. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या लावतात. जुन्या पोर्शे 911 मध्ये तर सुरुवातीपासून ऑइल वेगळ्या टाकीत ठेवत.

वरूडहून

मग या वळणातल्या पडण्याला आमच्याकडचा शब्द देतो : ‘डचमळणं’. घागर डोक्यावर घेऊन बाई वळली की पाणी डचमळते. काटा पडते तो मागून.

देवळीहून

हा शब्द मला सुचला नसता, भाऊ. भाच्याला रात्री लिहिलं : ‘गाडी गार असताना काटा कुठं, तापल्यावर उभ्या गाडीला कुठं आणि 3000 वर कुठं, हे तीन आकडे महिनाभर वहीत लिही. तोच तुझा नेहमीचा दाब. त्यातून उतरला तर आधी पट्टीवर ऑइल पाह्य. पडला तर तिथंच इंजिन बंद कर, घरापर्यंत आणू नको. वळणात डचमळलं तर मला फोन कर.’

त्याचा निरोप आला. तापल्यावर 3000 ला काटा 50 वर आहे, आणि डचमळणं म्हणजे काय ते त्यानं आईला विचारलं.