लहान विमानांच्या भागांचे सुरक्षा नियम: हरकती-सूचनांनी नियम सुधारतो की नुसता लांबतो?

लॉगबुक (धागालेखक)

अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए एखाद्या भागात धोका दिसला की एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (तपासणी किंवा दुरुस्ती सक्तीची करणारा आदेश) काढते. त्यासाठी दोन गोष्टी दिसाव्या लागतात: उत्पादनात असुरक्षित स्थिती आहे, आणि त्याच रचनेच्या इतर उत्पादनांतही ती असण्याची किंवा पुढे होण्याची शक्यता आहे. फार घाई नसेल तर आधी मसुदा फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापतात आणि साधारण ४५ दिवस हरकती-सूचना घेतात. मालक, मेकॅनिक, उत्पादक, कोणीही लिहू शकतो.

४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडात डेटोना बीचजवळ पायपर पीए-२८आर-२०१ या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख हवेतच तुटून वेगळा झाला. आतले दोघेही गेले. विमान २००७ सालचं, उड्डाण सुमारे ७,६९० तास. मुख्य स्पारच्या (पंखाच्या आतल्या लांब तुळईच्या) खालच्या कॅपमध्ये (तुळईच्या खालच्या पट्टीत) बोल्टच्या भोकापाशी सुरू झालेली फटीगची (वारंवार ताण पडून येणारी) भेग कॅपच्या ८० टक्क्यांहून जास्त भागात पसरली होती. त्याच प्रशिक्षण संस्थेच्या ताफ्यातल्या आणखी एका विमानात याच जागी भेग मिळाली.

मसुदा आला २१ डिसेंबर २०१८ ला, हरकतींची मुदत ४ फेब्रुवारी २०१९ पर्यंत. जून २०२० मध्ये पूरक मसुदा (सुधारून पुन्हा हरकतींसाठी काढलेला) निघाला, आणि अंतिम डायरेक्टिव्ह (क्रमांक २०२०-२६-१६) १६ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. पहिल्या मसुद्यात अमेरिकेतली जवळपास २०,००० विमानं होती. शेवटी त्यातली बरीच वगळली गेली. हरकती आणि उत्पादकाने नव्याने केलेला अभ्यास, या दोन्हींमुळे ही गाळणी झाली. माझ्या मते ती योग्यच झाली. तुमचं मत कारणांसह लिहा.

टॉर्कपाना

असहमत. अपघात ते नियम लागू होणं यात ३४ महिने गेले. या काळात भेगेला कोणी स्थगिती दिली नव्हती. प्रशिक्षणाचं विमान दिवसाला अनेकदा उतरतं, कमी उंचीवर वळतं आणि हवेचे झटके खातं, त्यामुळे त्याचे तास झपाट्याने चढतात. म्हणजे ज्या विमानांना धोका सगळ्यात जास्त, तीच या प्रतीक्षेत सगळ्यात जास्त उडली.

कायद्यात वाट आहे. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार सबळ कारण असेल तर आधी सूचना न देता नियम लागू करता येतो आणि हरकती नंतर घेता येतात. इथे तेच हवं होतं. ५,००० तासांपुढच्या, प्रशिक्षणात वापरलेल्या पीए-२८ चे बोल्ट काढून भोकं लगेच तपासायची, बाकीच्या ताफ्याची चर्चा सावकाश.

कानस

टॉर्कपाना, "बोल्ट काढून भोकं तपासायची" हे लिहायला चार शब्द लागतात. प्रत्यक्षात काय होतं ते बघू.

पंखाचं वजन त्या बोल्टांवर असतं. पंख खालून नीट टेकवून भार उतरवला नाही, तर बोल्ट भोकात एका बाजूला दाबलेलाच राहतो. मग तो ठोकून काढतात, आणि निघताना त्याचे आटे भोकाच्या भिंतीवर लांब ओरखडा काढतात. काही जण नट धरून बोल्टचं डोकं फिरवतात. त्याने भोकात गोल चरे पडतात. भोक आतून जितकं गुळगुळीत, तितकी भेग सुरू व्हायला वेळ लागतो. ओरखड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि भेगेला सुरुवात करायला आयती जागा मिळते.

हजारो निरोगी विमानांचे बोल्ट असे काढले, तर आपण भेगा शोधतोय की पेरतोय हा प्रश्न खराच आहे. पहिल्या मसुद्यावर अनेकांनी हेच लिहिलं. सरसकट तातडीचा आदेश निघाला असता तर हे ऐकायला कोणी उरलं नसतं.

टॉर्कपाना

तुम्ही सांगितलेली हानी खरी आहे, पण ती चुकीच्या हाताळणीची आहे. त्यावर उपाय म्हणजे पद्धत नियमातच लिहिणे:

पंख आधारावर घ्या, बोल्टवरचा भार उतरल्याची खात्री करा. बोल्टचं डोकं स्थिर धरून नट सोडवा. बोल्ट सरळ रेषेत, हाताच्या जोराने निघाला पाहिजे. अडला तर थांबा आणि आधार पुन्हा लावा. भोक द्रावक लावलेल्या मऊ कापडाने पुसा, तारेचा ब्रश किंवा रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) नको. मग एडी करंटचा (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून भेग शोधणारा) फिरता प्रोब. त्याआधी, त्याच जातीच्या धातूच्या ठोकळ्यातल्या ठरावीक खोलीच्या खाचेवर यंत्र जुळवून घ्या. परत बसवताना पुस्तकातला टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या आणि आटे कोरडे की तेल लावलेले, हे पुस्तक सांगेल तसंच ठेवा. कोरड्यासाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर बोल्ट हिशेबापेक्षा जास्त ताणला जातो.

अंतिम डायरेक्टिव्हमध्ये तपासणी करणारा एडी करंटमध्ये लेव्हल २ किंवा ३ प्रमाणित असावा अशी अट आहे आणि प्रत्येक पंखाची खालची, बाहेरच्या बाजूची दोनच भोकं तपासायची आहेत. यातलं काहीही २०१८ मध्ये लिहिणं अशक्य नव्हतं.

कानस

पद्धतीबद्दल सहमत. पण तुमच्याच यादीत एक अडचण आहे. एडी करंटला ओरखडा, गंजाचा खड्डा आणि भेग यांचे संकेत बरेचदा सारखे दिसतात. संकेत आला की निरीक्षक "भेग नाही" असं लिहायला धजत नाही. अशा वेळी चांगला स्पार बाद होतो. स्पार बदलणं म्हणजे पंख उतरवून रिव्हेट तोडणं, नवीन स्पार जुळवणं, पुन्हा रिव्हेट करणं. दुरुस्तीतल्या चुकांना इतकी जागा देणारं काम लहान विमानात क्वचितच असतं. म्हणून किती विमानांना हात लावायचा, हा आकडा सुरक्षिततेचाच भाग आहे. तो फक्त मालकांच्या खर्चाचा विषय समजू नका.

पतंग

अंतिम डायरेक्टिव्हमधलं विमानं निवडायचं सूत्र कोणी अजून तपासलेलं दिसत नाही. खरा वाद तिथे हवा.

सूत्र असं: १०० तासांच्या तपासण्यांची संख्या गुणिले १००, अधिक उरलेले तास भागिले १७. उत्तर ५,००० च्या वर गेलं की भोकं तपासायची. कल्पना अशी की १०० तासांची तपासणी भाड्याच्या किंवा शिकवणीच्या विमानालाच सक्तीची असते, म्हणून तिच्या नोंदी म्हणजे कठोर वापराची खूण. वैयक्तिक वापराचे १७ तास कठोर वापराच्या एका तासाइतके धरले आहेत.

आकडे घालून बघा. एकूण ७,७०० तास, ७० तपासण्या: ७,००० अधिक ७०० भागिले १७, म्हणजे ७,०४१. तपासणी लागू. एकूण ९,००० तास, २० तपासण्या: २,४१२. लागू नाही. इथपर्यंत ठीक.

आता दुसरं विमान. फक्त पायलट बसवून पाइपलाइनवर गस्त घालणारं, आयुष्यभर जमिनीलगतच्या खवळलेल्या हवेत उडणारं. प्रवासी नाहीत, शिकवणी नाही, म्हणून १०० तासांची तपासणी सक्तीची नाही. १२,००० तास झाले तरी सूत्राचं उत्तर ७०६. ही उगाच रचलेली शंका नाही: मार्च १९८७ मध्ये टेक्सासमध्ये मार्लिनजवळ पंख तुटून पडलेलं पीए-२८-१८१ पाइपलाइनच्या गस्तीवरच होतं. सूत्र ज्या वापराला सौम्य म्हणतं, त्या वापरात पंख तुटल्याची नोंद आधीच आहे.

दुसरी फट राहू शकली असती: काही संस्था १०० तासांच्या तपासणीऐवजी मान्यताप्राप्त प्रोग्रेसिव्ह तपासणी (तीच तपासणी टप्प्याटप्प्याने) करतात. काम तेवढंच कडक, पण लॉगबुकात "१०० तास" हे शब्दच येत नाहीत. नुसते शब्द मोजले असते तर असं विमान सौम्य वापराचं दिसलं असतं. अंतिम डायरेक्टिव्ह मात्र प्रोग्रेसिव्ह तपासणीखालचे दर १०० तास एक तपासणी धरतो, म्हणून ही फट बुजली आहे.

लॉगबुक

पतंग यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि हरकती मागवण्याचा उपयोग तो हाच. मसुदा लिहिणाऱ्याला ताफ्याची सरासरी दिसते, गस्तीच्या विमानाची नोंदवही त्याच्या टेबलावर नसते. अशी हरकत लिहिणाऱ्याने पर्यायी मजकूरही द्यावा: "नियमित कमी उंचीच्या कामातले तास १७ ने भागू नयेत."

नोंदी हरवल्या किंवा अपुऱ्या असल्या तर विमान नियमातून सुटत नाही, ही सोय अंतिम डायरेक्टिव्हमध्ये आहे. ती नसती तर जुनं लॉगबुक गहाळ होणं फायद्याचं ठरलं असतं. जुन्या विमानातून काढलेला स्पार बसवला असेल तर तेही विमान आत येतं, कारण स्पारचे तास विमानाच्या तासांसोबत संपत नाहीत.

रॉकर

स्पारवर सगळे बोलताहेत, सिलिंडरकडेही बघा. हरकतींनी किती ओढाताण होते याचं ते जास्त स्पष्ट उदाहरण आहे. काँटिनेंटलच्या ५२० आणि ५५० मालिकेच्या इंजिनांवर बसवलेल्या ईसीआय कंपनीच्या काही सिलिंडरांचं डोकं नळीपासून सुटत होतं. कारणं दोन: घुमटाच्या वळणाच्या त्रिज्येपाशी तडा, आणि डोकं व नळीच्या आट्यांमध्ये पुरेशी घट्ट पकड नसणं. ऑगस्ट २०१३ मध्ये मसुदा आला. शेकडो हरकती आल्या. २०१५ मध्ये दोनदा पूरक मसुदा निघाला. अंतिम डायरेक्टिव्ह ऑगस्ट २०१६ मध्ये. तीन वर्षं!

आणि काही हरकती "कॉम्प्रेशन टेस्टमध्ये कळेलच" या भरवशावर होत्या. ती टेस्ट काय करते? ८० पीएसआय हवा एका बारीक छिद्रातून सिलिंडरमध्ये सोडतात आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते बघतात. जोडावर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात, हे खरं. पण ज्वलनाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. चालत्या इंजिनात उघडणारी आणि टेस्टच्या वेळी मिटलेली भेग ८० पीएसआयला बोलेलच याची हमी नाही.

कानस

रॉकर, भेग मिटलेली असू शकते हे मान्य. पण अपघात तपास मंडळ एनटीएसबीने २०१२ मध्ये काय सुचवलं होतं? ठरावीक काळात बनलेल्या सिलिंडरांची वारंवार तपासणी, आणि ओव्हरहॉलच्या (इंजिन पूर्ण उघडून करायच्या दुरुस्तीच्या) नेहमीच्या तासांना ते काढून टाकणं. मसुदा त्याच्या पुढे जाऊन चालू सिलिंडर मुदतीआधीच उतरवायला सांगत होता.

सहाही सिलिंडर इंजिन जागेवर असताना उतरवले की थ्रू-बोल्ट सुटतात. हेच बोल्ट क्रँककेसचे (इंजिनच्या मुख्य पेटीचे) दोन भाग एकमेकांवर दाबून धरतात. ते ढिले असताना कोणी क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) फिरवला तर मुख्य बेअरिंगचे शेल जागेवरून सरकू शकतात. शेल सरकलं की तेलाचं भोक झाकलं जातं, आणि मग सिलिंडरऐवजी क्रँकशाफ्ट जातो. थ्रू-बोल्टचा टॉर्क दोन्ही टोकांनी द्यावा लागतो. एका बाजूने ओढून सोडला की दाब अपुरा राहतो. सिलिंडराच्या बुडाशी रंगाचा जाड थर राहिला तर काही तासांत तो दबतो आणि नट ढिला पडतो. एक सुटलेलं डोकं आणि एक मोडलेला क्रँकशाफ्ट, यातलं दुसरं मला जास्त भीतीदायक वाटतं.

रॉकर

सिलिंडर बदलणं हे प्रशिक्षित मेकॅनिकचं नेहमीचं काम आहे. नेहमीचं काम चुकू शकतं म्हणून सदोष भाग तसाच ठेवायचा, हे मला पटत नाही. डोकं सुटलं की कंप येतो, शक्ती जाते, आणि इंधन-हवेचं मिश्रण इंजिनच्या झाकणाखाली बाहेर पडतं. आग लागायला आणखी काय हवं?

मात्र टप्पे पाडण्याची मागणी रास्त होती. अंतिम नियमात सिलिंडरच्या तासांनुसार टप्पे आले, हे हरकतींमुळेच. तेवढं श्रेय मी देतो.

टॉर्कपाना

तरीही माझा मूळ मुद्दा उरतो. अर्ध्या हरकती एकाच साच्याच्या असतात: "खर्च जास्त, नियम मागे घ्या." एफएए खर्चाचा अंदाज तासाला ८५ डॉलर मजुरी धरून देते, तो कमी वाटत असेल तर बिलातले कामाचे तास कळवा, कुठल्या पायरीला किती लागले ते लिहा. साच्यातल्या शंभर पत्रांना मिळून एकच उत्तर मिळतं, पण ती वाचण्यात तितकेच दिवस जातात.

पतंग

म्हणून लिहिताना डॉकेट क्रमांक (त्या मसुद्याच्या फाइलचा क्रमांक), मॉडेल, एकूण तास, तपासण्यांची संख्या, कोणत्या भोकात काय दिसलं, यंत्र कशावर जुळवलं होतं, आणि मसुद्यातलं नेमकं कलम, इतकं तरी द्या. वेगळी पद्धत तितकीच सुरक्षित असेल तर पर्यायी पूर्तता पद्धतीची मंजुरी नंतरही मागता येते. त्यासाठी नियमच पाडायची गरज नाही.

आणखी एक. स्पारच्या डायरेक्टिव्हमध्ये तपासणीचा निकाल ३० दिवसांत कळवायचा आहे, कारण एफएएने त्याला तात्पुरती कारवाई म्हटलंय आणि पुढचं पाऊल याच निकालांवर ठरणार. भेग मिळाली की सगळे कळवतात. "भोक स्वच्छ, भेग नाही, इतके तास" हे कळवायचं मात्र राहून जातं. असे निकाल पोहोचले नाहीत तर टेबलावर फक्त भेगाच दिसतील, आणि पुढचा मसुदा पुन्हा सगळ्या ताफ्यावर येईल.

कानस

पतंग, यात एक भर. "भेग नाही" लिहिताना बोल्ट कसा निघाला तेही लिहा: हाताने की ठोकून, आणि भोकात ओरखडा होता का. काढण्याने किती भोकं खराब होतात हे मोजायला दुसरी कुठलीच नोंद नाही.

टॉर्कपाना

याला माझा पूर्ण पाठिंबा. पुढचा मसुदा निघाला तर निकालाच्या अर्जात हा रकाना असावा, ही सूचना मी पाठवेन.