इव्हेंट व्ह्यूअरमधले तेच ते पिवळे त्रिकोण: अनुभव लिहा

पेचकस:
आज एका जुन्या डेस्कटॉपवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडला, १००१६ क्रमांकाच्या इशाऱ्यांची, म्हणजे पिवळ्या त्रिकोणांची, रांग दिसली आणि जुने दिवस आठवले. म्हणून हा धागा.

१००१६ ही डिस्ट्रिब्युटेडकॉमची, म्हणजे विंडोजच्या घटकांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या यंत्रणेची नोंद. विंडोजचा एखादा घटक आधी एका परवानगीने दार ठोठावतो, नकार मिळाला की दुसऱ्या रीतीने आत जातो. लॉगमध्ये उरतो तो पहिला नकार. काम अडलेलं नसतं. दुर्लक्ष करा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे. तरी लोक रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) शिरून मालकी बदलतात. कृपया करू नका, एकदा बिघडली की ती परवानगी पूर्ववत करणं फार कटकटीचं होतं.

स्टार्टवर राइट क्लिक केलं की यादीतच इव्हेंट व्ह्यूअर सापडतो. विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. उजवीकडे फिल्टर करंट लॉग, त्यात क्रिटिकल, एरर, वॉर्निंगवर खूण. सोर्सच्या मथळ्यावर क्लिक केलं की एकेका स्रोताच्या नोंदी एकत्र येतात. किती वेळा आणि कधी, हे आधी बघा. रंगाचं नंतर.

काळी_माती:
१००१६ सोडा, पण 'डिस्क' या स्रोताची १५३ क्रमांकाची नोंद दिसली तर त्याच दिवशी हात घाला. वाचन-लेखन पहिल्या फटक्यात झालं नाही, पुन्हा करावं लागलं, असा तिचा अर्थ. सोबत स्टोरएएचसीआयची (साटा डिस्कच्या ड्रायव्हरची) १२९ असेल तर डिस्क उत्तर देईना म्हणून विंडोजने तिला रीसेट केलंय. ती ३०-४० सेकंदांची गोठण असते ना, तीच ही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. त्यात डिस्कने स्वतः ठेवलेल्या मोजण्यांचे क्रमांक सोळाच्या पद्धतीने (हेक्साडेसिमल) असतात: १९९ म्हणजे सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका), १९७ म्हणजे सी५ (वाचता न आलेले, संशयित सेक्टर). सी७ वाढतोय तर बहुतेक दोष साटा केबलचा. कंप्युटर बंद करून प्लग काढा, केबल दोन्ही टोकांना बदला, मदरबोर्डवरचं पोर्टही बदलून बघा. सी७ चा आकडा मागे येत नाही, वाढायचा थांबला की झालं. ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) किंवा सी५ वाढत असेल तर केबलला दोष देऊ नका, डिस्कच जातेय.

चिमणी:
नोंदीत डिस्क १ लिहिलंय, ती कोणती ओळखायची?

काळी_माती:
ताई, डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे डावीकडे हाच क्रमांक असतो. मोजणी ० पासून. आणि सी५ शून्य नसेल तर चेकडिस्क (डिस्क तपासायची विंडोजची कमांड) /r लावून चालवू नका! ते सगळी डिस्क वाचत बसतं, दमलेली डिस्क त्यातच मान टाकते. आधी कॉपी.

रातराणी:
कर्नल-पॉवर या स्रोताच्या ४१ क्रमांकाच्या नोंदीबद्दल कुणीतरी लिहा, पावसाळ्यात रोज दिसते.

पेचकस:
४१ हे कारण नव्हे, परिणाम. नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढंच ती सांगते. डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड (निळ्या स्क्रीनचा एरर क्रमांक) बघा. ० असेल तर कोसळताना लिहायलाही वेळ मिळाला नाही: लाइट गेली, एसएमपीएस (कंप्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा) दमला किंवा मशीन पार गोठलं. पॉवरबटनटाइमस्टॅम्प शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. कोड १५९ असेल तर तो सोळाच्या पद्धतीने ९एफ, म्हणजे स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना एखाद्या ड्रायव्हरने घोळ केलाय. ग्राफिक्स आणि नेटवर्कचे ड्रायव्हर आधी तपासा.

रातराणी:
मग यूपीएसच (लाइट गेली तरी बॅटरीवर चालवणारा). ६०० व्हीए क्षमतेचा पुरेल?

पेचकस:
साध्या डेस्कटॉपला हो. तो साधारण ३६० वॉट देतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका.

अंगणातली_तुळस:
बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं का? आमच्या इन्व्हर्टरला लागतं.

रातराणी:
नाही हो, यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बंद असते. तीन-एक वर्षांनी बदलायची.

टर्मिनलवाला:
उबुंटू लिनक्सवर 'एईआर: करेक्टेड एरर' (पीसीआय एक्सप्रेस कार्डांच्या चुकांची नोंद) हजारोंनी येत असतील तर चूक तिथल्या तिथे सुधारली गेलेली असते, पण लॉग फुगून डिस्क भरते. आधी कार्ड काढून पुन्हा नीट बसवा, बायोस अपडेट करा. तरीही येत असेल तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूट प्रोग्राममध्ये) पीसीआयई_एएसपीएम=ऑफ लिहा, म्हणजे कार्डाच्या जोडणीची वीजबचत बंद होते. पीसीआय=नोएईआर फक्त नोंद लपवतं, उपाय नाही. विंडोजवर हेच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger) या स्रोताची १७ क्रमांकाची नोंद म्हणून येतं. तिथे पॉवर ऑप्शन्समध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा.

अंगणातली_तुळस:
एक सांगते, विषय थोडा वेगळा. अनोळखी फोन येतो, 'तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस आहे' म्हणत इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात आणि हेच पिवळे त्रिकोण दाखवून घाबरवतात. चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही ते असतातच. घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगून ठेवा.

चिमणी:
सी५ समोर ८ आहे. कॉपी लावतेय.

काळी_माती:
लावा. आधी फोटो आणि हिशेबाच्या फायली, मोठे व्हिडिओ शेवटी. एखादी फाइल अडली तर स्किप करून पुढे जा, तिच्यावर परत परत प्रयत्न करू नका.