समोरचं नवीन हॉटेल: बी विंग ग्रुप

बी-३०४: समोरच्या हॉटेलात कोणी जाऊन आलं का? पहिल्यांदा लाइट लागले तेव्हा मी कितीतरी वेळ खिडकीतच उभी, इतके दिवस तिथे नुसते पत्रे आणि हिरवं कापड बघायची सवय झालेली

बी-५०१: आम्ही दोघं गेलो होतो. लॉबी फारच सुंदर केलीय!! वर एकही ट्यूबलाइट नाही, सगळे दिवे खाली टेबलांवर, रिसेप्शनचा मोठा काउंटरच नाही, मुलगी टॅब घेऊन आपल्यापाशी येते. वॉशरूमला काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या टाइल्स, हिने तर तिथले फोटो काढले

बी-७०२: त्या टाइल्स बघून मला मॉर्गन्स आठवलं. न्यूयॉर्कमध्ये १९८४ला इयान श्रॅगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी काढलेलं हॉटेल, आंद्रे प्युटमनबाईंनी त्याच्या बाथरूम्सना अशाच चौकटी केल्या होत्या. बुटीक हॉटेल, म्हणजे लहान पण खास सजवलेलं हॉटेल, हा शब्द तिथूनच रुळला. लॉबी म्हणजे नुसती चावी घ्यायची जागा नाही, चार माणसं येऊन बसतील अशी जागा, ही श्रॅगरची कल्पना. म्हणून म्हणतो, आपणही जाऊन बसायचं, बिचकायचं नाही

बी-२०३: काका, पुढून छानच आहे हो. पण किचनचा एक्झॉस्ट आमच्या बेडरूमसमोर काढलाय. चारच दिवस झाले आणि डक्टच्या तोंडाखाली भिंतीवर तेलाचा काळा ओघळ आलाय, वाळत घातलेल्या चादरींना तळणाचा वास. आणि रात्री एक वाजता रिकाम्या बाटल्या ड्रममध्ये ओततात, बाळ दचकून उठतं

बी-५०१: अरे बापरे, हे आम्हाला कळलंच नाही ताई

बी-६०४: आता बोलून काय उपयोग, बांधून झालं ना सगळं

बी-७०२: उलट आत्ताच बोलायचं. माझी सगळी नोकरी हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये गेली म्हणून सांगतो. सध्या त्यांचं सॉफ्ट ओपनिंग चालू आहे, म्हणजे थोड्याच रूम देतात आणि काय काय चुकलंय त्याची स्नॅग लिस्ट करतात. कॉन्ट्रॅक्टर अजून साइटवर आहे, त्याचे थोडे पैसे बहुतेक अडकवून ठेवलेले असतात, त्यामुळे तो काम करून देतो. एकदा तो गेला की डक्टचं तोंड वळवायला त्यांना नवीन खर्च, मग नुसतं बघतो बघतो. बाटल्यांना तर खर्चच नाही, रात्री आतच ठेवायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या. तिसरं म्हणजे गच्चीवर स्पीकर लावतायत, त्याला लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र, बसवा असं आत्ताच सांगूया, कारण बासचा आवाज खिडकी लावून थांबत नाही, भिंतीतून येतो.

भांडायला जायचं नाही. हॉटेल आल्याने रस्त्यावर उजेड आलाय, रात्री मुली एकट्या येताना बरं वाटतं, हे मी त्यांनाही सांगणार आहे

बी-३०४: मी येते. कधी जायचं?

बी-७०२: मंगळवारी सकाळी नऊला. अकरानंतर चेकआउटची गडबड, दुपारी चेक-इन, तेव्हा मॅनेजर उभ्या उभ्या बोलेल. चीफ इंजिनिअरला पण बोलवा म्हणायचं, नुसत्या फ्रंट ऑफिसशी बोलून हे काम होत नाही

बी-६०४: बरं, मीही येतो

बी-२०३: ओघळाचे फोटो रोजचे काढून ठेवलेत काका, प्रिंट करून आणते