तीन विरुद्ध तीन : मल्हारराव गायकवाडांवर खटला चालवायचा अधिकार होता तरी कुणाला?

रंगभवनकर (धागाकर्ता)
विधीच्या मुलांसाठी सोलापुरात मूट कोर्ट (सरावासाठीचा खोटा खटला) घ्यायचं ठरतंय. विषय : गादीवरून उतरवलेल्या राजावरचा खटला. दरवेळी इराकचा सद्दाम आणि सर्बियाचा मिलोसेविच निघतात. माझं म्हणणं, घरचंच प्रकरण घ्या की, बडोदा 1875.

9 नोव्हेंबर 1874. बडोदा दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे एक-दोन घोट घेतले, पोटात कसंतरी झालं म्हणून बाकीचं ओतून दिलं, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. मुंबईला तपासणीत सोमल (आर्सेनिक हे विष) आणि हिऱ्याची पूड निघाली. बरोबर आठवडाभर आधी, 2 नोव्हेंबरला, याच फेअरना बडोद्यातून हलवा असा खलिता मल्हाररावांनी व्हाइसरॉयला धाडला होता. जानेवारीत महाराज अटकेत आणि राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती. मग सहा जणांचा आयोग बसला : काउच, मीड, मेल्व्हिल हे तिघे इंग्रज, जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तिघे आपले. इंग्रज म्हणाले दोषी, आपले म्हणाले सिद्ध झालं नाही. तीन-तीन. तरीही एप्रिलमध्ये महाराज पदच्युत आणि रवानगी मद्रासला.

हे कोर्टच नव्हतं. बडोद्याचा राजा तहाने बांधलेला दोस्त होता, इंग्रजांची प्रजा नव्हे. त्यातही मीड यांनीच 1873 साली बडोद्याच्या गैरकारभाराची चौकशी करून महाराजांविरुद्ध अहवाल दिला होता. त्यांनाच पुन्हा न्यायासनावर बसवलं!

सात रस्ता
धागाकर्ते साहेब, मीड यांच्याबद्दल मान्य, एकदम मान्य. पण कोर्टाला अधिकारच नव्हता, या निकालापाशी थांबलात तर पुढचा पर्याय कोणता? सातारा 1839. प्रतापसिंह महाराजांवर खटला झालाच नाही. 1836 मध्ये बंद दाराआड चौकशी झाली. पुढे गव्हर्नर कार्नाक कबुलीचा कागद घेऊन आले, महाराजांनी सही नाकारली, आणि त्यांना थेट काशीला पाठवलं. महाराजांचे वकील रंगो बापूजींनी लंडनमध्ये 14 वर्षं खेटे घातले, पण एका साक्षीदाराचीही उलटतपासणी झाली नाही. आपले शेजारचे अक्कलकोटकर भोसले याच साताऱ्याचे जहागीरदार, म्हणून ही गोष्ट इकडच्या लोकांना सांगायला नको.

बडोद्याला निदान सार्जंट बॅलंटाइनसारखा नामांकित बॅरिस्टर विलायतेहून आला. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याच्या कमरपट्ट्यात सोमलाची पुडी सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. घटना घडून दीड महिना उलटल्यावर पट्ट्यात पुडी! बॅलंटाइनने नेमकं तेच धरलं : पुडी सापडली की ठेवली? दामोदरपंत हा महाराजांचा खाजगी कारभारी माफीचा साक्षीदार झाला होता, त्याचाही जबाब उसवला. हे सगळं नोंदलं गेलं म्हणूनच तीन मतं फुटली. कोर्ट वाईट असलं तरी त्याचं रेकॉर्ड राहतं.

रंगभवनकर
रेकॉर्ड राहिलं आणि निकाल हवेत गेला. पदच्युतीच्या जाहीरनाम्यात सरकारने साफ लिहिलं की हा निर्णय आयोगाच्या निष्कर्षावर आधारलेला नाही, गैरवर्तन आणि गैरकारभार हीच कारणं. आणि कारभार सुधारायला महाराजांना मुदत कुठपर्यंत दिली होती? 31 डिसेंबर 1875. म्हणजे विषप्रयोग सिद्ध होईना म्हणून जुनं कलम लावलं, आणि त्याचीही मुदत संपू दिली नाही.

वकील मंडळींना आपल्याच कायद्यातलं सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 461 आणि 462 शेजारी शेजारी आहेत. सोलापूरचा खटला चुकून पंढरपुरात चालला तर 462 प्रमाणे तेवढ्यावरून निकाल रद्द होत नाही, न्याय डावलला गेल्याचं दाखवावं लागतं. पण अधिकारच नसलेल्या मॅजिस्ट्रेटने आरोपीवर खटला चालवला तर 461 प्रमाणे सगळंच शून्य, मग उलटतपासणी कितीही झकास झालेली असो. बडोदा 461 मध्ये बसतं.

दस्तुरी कागद
दोघेही दोन प्रश्न एकात कालवताय. एक, आरोपीला संरक्षण आहे का. दोन, या कोर्टाला अधिकार आहे का. पद गेलं की व्यक्तिगत संरक्षण जातं. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम 361 सुद्धा राष्ट्रपती आणि राज्यपालांना फौजदारी कारवाईपासून वाचवतं ते पदावर असेपर्यंतच. पदावर असताना केलेल्या सरकारी कृत्यांचं संरक्षण मात्र मागे उरतं, आणि खरी भांडणं तिथंच होतात. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोचे याच्या वेळी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या न्यायाधीशांनी 24 मार्च 1999 ला तेवढ्यापुरतीच वाट काढली : छळाचे आरोप, तेही 8 डिसेंबर 1988 नंतरचे. बाकीचे आरोप गळाले.

अधिकाराचा घोळ पाहायचा तर दिल्ली 1858 घ्या. बहादूरशहांवरच्या तिसऱ्या आरोपात म्हटलं होतं की ब्रिटिश सरकारची प्रजा असून त्यांनी स्वतःला राजा जाहीर केलं. प्रजा होते की नाही हाच वादाचा मुद्दा, आणि आरोपपत्रात तो आधीच निकाली! कंपनीच्या नाण्यांवर 1835 पर्यंत मुघल बादशहाचं नाव होतं. म्हणजे बंड कुणी कुणाविरुद्ध केलं?

नवी पेठ
मग अधिकार असलेलं कोर्ट उभं करायचं तरी कसं? हाब्रेचं बघा. चाडचा हुकूमशहा, पळून सेनेगलला राहिलेला. सेनेगलने आधी स्वतःचे कायदे बदलून खटला चालवायचं ठरवलं. पश्चिम आफ्रिकी देशांच्या न्यायालयाने 2010 मध्ये अडवलं : मागाहून केलेला कायदा लावू नका, आंतरराष्ट्रीय स्वरूपाचं खास न्यायालय नेमा. त्यावर आफ्रिकन युनियनशी करार झाला आणि न्यायालय उभं राहिलं. 2015 ला सुनावणी सुरू झाली तर हाब्रे बोलेचना, त्याचे वकीलही आले नाहीत. कोर्टाने नवे वकील नेमले आणि त्यांना कागद वाचायला 45 दिवस दिले. रंगभवनकर, हे 45 दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. जन्मठेप झाली 2016 मध्ये.

सात रस्ता
आणि उलट बाजूला बगदाद. दुजैल गावच्या 148 माणसांच्या हत्येसाठी सद्दामला 5 नोव्हेंबर 2006 ला फाशीची शिक्षा, 26 डिसेंबरला अपील फेटाळलं, 30 ला फाशी. चार दिवस! नियमात शिक्षा अंतिम झाल्यापासून 30 दिवसांत अंमल, असं कलमच होतं. बचावाचे तीन वकील खटला चालू असताना मारले गेले. घाई अशी की कुर्दांविरुद्धच्या अनफाल मोहिमेचा दुसरा खटला चालू होता, त्यातला मुख्य आरोपीच नाहीसा झाला. कुर्दांना त्याच्याविरुद्धचा निकाल मिळालाच नाही. कोर्ट देशातलं, आरोपी देशातला, अधिकारावर फारसा वाद नको, तरी ही गत. म्हणून म्हणतो, अधिकारापेक्षा वेळ आणि वकील बघा.

रंगभवनकर
तिथंही न्यायाधिकरणाचा पहिला कायदा डिसेंबर 2003 चा, अमेरिकी ताब्यात असतानाचा. 2005 ला निवडून आलेल्या सभेने पुन्हा कायदा केला, तो उगाच का? आणि वेळेचं म्हणाल तर ढाका घ्या. शेख हसीना यांना 17 नोव्हेंबर 2025 ला गैरहजेरीत फाशी सुनावली. अपील करायचं तर 30 दिवसांत, तेही आधी शरण येऊन.

दस्तुरी कागद
ढाक्याला हसण्याआधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या आपल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 356 वाचा की हो. फरारी घोषित आरोपीविरुद्ध गैरहजेरीत खटला आपल्याकडेही चालतो. दोन वॉरंट, मध्ये किमान 30 दिवस, वर्तमानपत्रात नोटीस, आरोप ठेवल्यापासून 90 दिवस थांबायचं, वकील सरकारने द्यायचा. अपिलाला आरोपी स्वतः हजर हवा, इथंही.

मूटसाठी माझी सूचना : मल्हाररावांच्या बाजूला प्राथमिक आक्षेपासाठी वेगळी 15 मिनिटं द्या, आणि परीक्षकांत एकजण असा बसवा ज्याने आधीच बडोद्याविरुद्ध अहवाल लिहिलेला आहे. कोणता गट सर्वांत आधी उठून हरकत घेतो, त्याला गुण.

नवी पेठ
आणि परीक्षक सम संख्येत नेमू नका म्हणजे झालं.